‘टॅक्टिकल’ची थाप आणि बदनाम रामपुरी

ज्या चाकूच्या खोक्यावर ‘टॅक्टिकल’ किंवा ‘मिलिटरी ग्रेड’ असं छापलेलं असतं, तो चाकू मी विकत घेत नाही. कुणी भेट दिलाच तर लंगरमधल्या कुकला देऊन टाकतो. तिथे निदान तो कांदा तरी चिरतो.

घडीचे चाकू जमवण्याचा मला नाद आहे, हे इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे सुट्टीवर गावी आलो की चार पोरं येऊन बसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘काका, लढाईत कुठला चाकू वापरतात?’ त्यांच्या मोबाईलवर काळ्या पात्याचा, अर्ध्या भागात करवतीचे दाते असलेला, मुठीच्या टोकाला काच फोडायचा खिळा बसवलेला चाकू असतो. किंमत तीन हजार. खाली लिहिलेलं असतं की जगभरच्या कमांडोंची ही पसंती आहे. पोरांचा राग येत नाही. राग येतो तो आमचा गणवेश दाखवून त्यांना हे विकणाऱ्यांचा, आणि त्यांच्यापुढे माना डोलावणाऱ्या आपल्या संग्राहकांचाही. कारण चाकू म्हणजे हत्यार, हीच एक समजूत या धंद्याच्या मुळाशी आहे. याच समजुतीने आपल्या देशाचा स्वतःचा घडीचा चाकू, म्हणजे रामपुरी, मारला. आज तीच समजूत परदेशी माल आपल्या गळ्यात मारते आहे.

आधी फौजेचं बोलू. घडीचा चाकू सैनिकाला कशासाठी दिला गेला, याचा पुरावा त्या चाकूंमध्येच आहे. जगातला सगळ्यात प्रसिद्ध फौजी चाकू स्वित्झर्लंडचा. १८८९ साली स्विस लष्कराने नवी श्मिट-रुबिन रायफल घेतली. ती खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा आणि जवानाला डबाबंद राशन उघडायचं असायचं. म्हणून एक पातं, एक डबा उघडायचं अवजार, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक टोच्या, असा चार अवजारांचा, लाकडी मुठीचा चाकू ठरवला गेला. तेवढे नग बनवण्याची ताकद त्या वेळी स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याच कारखान्यात नव्हती, म्हणून पहिली खेप जर्मनीतल्या सॉलिंगेनहून आली. १८९१ मध्ये कार्ल एल्सनर यांनी इबाख गावातल्या आपल्या कारखान्यातून पुरवठा सुरू केला. तीच पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली. ज्या चाकूला सारं जग ‘आर्मी नाईफ’ म्हणतं, त्याचा जन्म रायफलीचे स्क्रू आणि जेवणाचा डबा यांच्यासाठी झाला. शत्रूचा त्यात कुठेही संबंध नाही.

दुसरा पुरावा आपल्या अधिक जवळचा आहे. इंग्रजांच्या काळापासून आपल्या फौजेत आलेला क्लॅस्प नाईफ जुन्या मंडळींनी पाहिला असेल. काळी, चौकडीदार खवल्यांची मूठ, लॅनयार्ड अडकवायची कडी, डबा उघडायचं पातं आणि दोराच्या गाठी सोडवायला लांब टोच्या. त्याचं मुख्य पातं आठवा. त्याची धार सरळ रेषेत जाते आणि पाठ पुढे येऊन खाली वाकते, मेंढीच्या खुरासारखी. त्याला टोकच नाही. हलत्या जहाजावर दोर कापताना चुकून कुणाला भोसकलं जाऊ नये म्हणून खलाशांच्या चाकूला हा आकार आला आणि तोच फौजेने घेतला. म्हणजे सैनिकाला दिलेला चाकू मुद्दाम बिनटोकाचा होता. ‘टॅक्टिकल’वाल्यांनी यावर जरा विचार करावा.

लढाईसाठी फौज संगीन देते, गोरखा पलटणीत खुकरी असते, आणि रायफल तर असतेच. घडीच्या चाकूकडून लढाईची अपेक्षा करणाऱ्याने त्याची रचना पाहिलेली नसते. ज्या वस्तूचा सांधा एका खिळ्यावर फिरतो, ती त्या सांध्यात कमजोर असणारच. बहुतेकांच्या मुठीपुढे आडवी अडणीही नसते. जोराने भोसकायला गेलात तर ओला हात घसरून स्वतःच्याच पात्यावर जाईल. घडी खिशात मावावी म्हणून ताकदीचा काही भाग सोडून दिलेला असतो. हा सौदा कामासाठी उत्तम आहे आणि झुंजीसाठी मूर्खपणाचा.

मग आम्ही चाकूने करतो तरी काय? रेतीच्या पोत्यांची सुतळी कापतो. फील्ड टेलिफोनच्या केबलचं वेष्टण सोलतो. उंचावरच्या पोस्टवर अननसाचा डबा उघडतो, टेंटची दोरी सारखी करतो, बुखारीजवळ बसून पेन्सिलीला टोक काढतो, घरून आलेलं पार्सल फोडतो, पायाच्या फोडावरची पट्टी कापतो. माझ्या सगळ्या नोकरीत चाकूने केलेलं सर्वांत मोठं शौर्याचं काम म्हणजे बडाखान्याच्या आदल्या रात्री सोललेला लसूण.

राहता राहिला ‘मिलिटरी ग्रेड’. नुसता असा दर्जा कुठे नसतो. अमुक वस्तूचा अमुक क्रमांकाचा मानक असतो आणि तो वस्तूगणिक वेगळा असतो. बाकी लष्करी खरेदी कशी चालते हे माझ्या माजी सैनिक वाचकांना सांगायला नको. अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याचं टेंडर सगळ्यात कमी, त्याचा माल. हे ठाऊक असलेला माणूस ‘मिलिटरी ग्रेड’ शब्दाला तीन हजार देणार नाही.

संग्राहकाने मग चाकूत पाहायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी: सांधा, पोलाद आणि मूठ. या तिन्हींमध्ये इतकं शहाणपण साठलेलं आहे की हत्यारपणाची फोडणी द्यायची गरजच पडत नाही.

सांध्याची सगळ्यात साधी तऱ्हा म्हणजे मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी. पातं उघडताना ही पट्टी दबते आणि शेवटी ‘टक्’ करून जागेवर बसते. त्यात कुलूप नाही, फक्त दाब आहे. आजोबांच्या खिशातला पेरू कापायचा चाकू याच जातीचा. पट्टीचा दाब, खिळ्याची घट्टाई आणि पात्याच्या बुडाचा आकार, हे तिन्ही जुळले तरच तो टक् नीट वाजतो. जाणकार हा आवाज ऐकून कारागिराचा हात ओळखतो. फ्रान्सच्या साव्हा प्रांतातल्या ओपिनेलने याहून सोपा मार्ग काढला. मुठीच्या तोंडाशी फिरणारं एक पोलादी कडं बसवलं, ते फिरवलं की पातं अडकलं. हे कडं १९५५ चं आहे. १९८१ साली अमेरिकेच्या स्पायडरकोने पात्याला गोल भोक पाडलं आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप लावली. जाड हातमोजे घालून नखाची खाच शोधणं किती अवघड असतं, ते बर्फात राहिलेल्याला विचारा. त्या भोकाची किंमत तिथे कळते. अलीकडे पातं मख्खनसारखं फिरावं म्हणून सांध्यात बारीक छऱ्यांचे बेअरिंग घालतात. खोलीत बसून उघडझाप करायला ते झकास वाटतं. जैसलमेरकडच्या वाळूत मात्र दोन दिवसांत कुरकुर करायला लागतं. साधा सांधा फुंकर मारून साफ होतो.

पोलादाच्या बाबतीत आपले संग्राहक आकड्यांचे भक्त झाले आहेत. एस-३०-व्ही, एम-३९०, डी-२ हे जपासारखं म्हणतात. या पोलादांना मी नावं ठेवत नाही. ती हुशारीने बनवलेली आहेत. पण आकड्यामागचं गणित समजून घ्या. पोलादात कार्बन वाढवला की कडकपणा येतो. क्रोमियम पुरेसं असलं, साधारण १३ टक्क्यांच्या आसपास, की गंज अडतो. व्हॅनेडियम घातलं की पोलादात अतिशय कठीण कण तयार होतात आणि धार लवकर झिजत नाही. आता गंमत बघा. हे व्हॅनेडियमचे कण कुरुंदापेक्षाही कठीण असतात. म्हणजे आपल्या गल्लीत सायकलवर चाक लावून येणारा धारवाला त्या पात्यापुढे हात टेकतो. त्याला हिऱ्याची पट्टीच लागते. ज्याच्याकडे ती नाही त्याचं पातं एकदा बोथट झालं की कायमचं बोथट. आणि बहुतेकांकडे ती नसते, कारण त्यांनी त्या पात्याने कधी काही कापलेलंच नसतं.

व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद मऊ आहे म्हणून हे लोक नाक मुरडतात. ते रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास ठेवलं जातं, ते मुद्दाम. कामाच्या माणसाला पोस्टवरच्या साध्या दगडावर चार हात मारून धार परत आणता यावी म्हणून. महाराष्ट्रात शिकलगार नावाचा समाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रांना पाणी देणं, धार लावणं, जिलई करणं हा त्यांचा धंदा. आपल्या भाषेत धार लावणाऱ्यांची अख्खी जात झाली, आणि आपण मात्र धार न लागणाऱ्या पात्यांचा संग्रह करतो आहोत.

‘डमास्कस’ या नावावरही दोन शब्द. नागमोडी रेघांचं पातं पाहिलं की आपला संग्राहक खिसा मोकळा करतो. आज त्या नावाने जे विकलं जातं ते दोन वेगवेगळी पोलादं एकावर एक ठेवून, ठोकून, दुमडून केलेलं असतं. त्यात खोटं काही नाही, चांगला कारागीर ते सुंदर करतो. पण ज्या जुन्या पात्यांमुळे हे नाव गाजलं त्यांचं पोलाद मुशीत वितळवून केलेलं होतं. ते वुट्झ दक्षिण भारतातून जायचं. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत ते तयार व्हायचं आणि इराणपर्यंत पोचायचं. आपल्याच पोलादाला परक्या शहराचं नाव पडलं आणि आपण ते नाव वाचून पैसे मोजतो.

तिसरी गोष्ट मूठ. इथे हवामान परीक्षा घेतं. उणे पंधरा-वीसमध्ये अॅल्युमिनियमची मूठ हातातली ऊब शोषून घेते. टायटॅनियम त्या मानाने बरं, कारण त्यातून उष्णता फार हळू वाहते. लाकूड सगळ्यात प्रेमळ. पण तेच लाकूड ईशान्येच्या किंवा कोकणाच्या पावसात फुगतं आणि ओपिनेलचं पातं आत रुतून बसतं. साव्हाच्या लोकांनी त्यावर उपाय काढला आहे: मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, पातं थोडं वर येतं. मुठीत जुन्या काळी सांबरशिंग फार मानाचं. शेफील्ड आणि सॉलिंगेनच्या उत्तमोत्तम चाकूंवर जे शिंग दिसतं त्यातलं पुष्कळसं हिंदुस्थानातून गेलेलं आहे. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे आणि तो बंदच राहावा. शिंग दरवर्षी आपोआप गळतं हे खरं. पण गळलेलं कोणतं आणि मारून काढलेलं कोणतं हे दुकानात सांगता येत नाही. शिसव आहे, बाभूळ आहे, म्हशीचं शिंग आहे, पितळ आहे. मुठीला मालाचा तुटवडा नाही.

पितळ म्हटलं की रामपूर आलं.

बरेलीला पोस्टिंग असताना रामपूर हाकेच्या अंतरावर होतं. मुरादाबाद आणि बरेली यांच्या मध्ये, एका अंगाला पितळेचं शहर, गावात रझा ग्रंथालयासारखं वैभव. नवाबांच्या या गावात घडीचा चाकू बनवण्याची कला वाढली. आऊटपास मिळाला की मी चाकूच्या दुकानांत जाऊन बसायचो. म्हातारे कारागीर आधी संशयाने पाहायचे. फौजी आहे कळल्यावर चहा यायचा. सगळ्यांची तक्रार एकच: काम शिकायला पोरं येत नाहीत, आणि गिऱ्हाईक येतं ते चाकू हातात धरून फोटो काढायला.

रामपुरीकडे संग्राहकाच्या नजरेने पाहा. लांब, एका बाजूने धारेचं, पुढे निमुळतं होत गेलेलं पातं. मुठीला पितळेचा साज. आणि सांध्यात गरारी, म्हणजे दातेरी खाचा. पातं उघडताना एकेक दाता ओलांडला जातो आणि तो प्रसिद्ध कट्-कट्-कट् आवाज येतो. स्पेनच्या जुन्या नव्हाजा चाकूंतही अशीच दातेरी रचना असते आणि तिथे त्या आवाजाचं कोण कौतुक! युरोपातले संग्राहक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. दोष काढायचेच तर रामपुरीत पुष्कळ आहेत. मी घेतलेल्या छोट्या चाकूचं पातं आडवं थोडं हलतं. घासणी जाड आहे, त्यामुळे सफरचंद कापलं जाण्याऐवजी फुटतं. पोलाद कुठलं ते सांगायला दुकानदार तयार नव्हता. पितळेची मूठ जड आहे आणि हाताला वास येतो. पण हे सगळे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. बरा माल, थोडी पातळ घासणी, सांध्यात एक नीट बसलेली चकती आणि मागणी असलेलं गिऱ्हाईक. पहिल्या तीन गोष्टी कारागीर उद्या करेल. चौथी आपण दिली नाही.

कारण रामपुरीला आपण कधी अवजार मानलंच नाही. सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात दिला. ‘वक्त’ (१९६५) मधला राजकुमारचा चाकूवरचा संवाद आजही लोक म्हणून दाखवतात. पुढची वीस-पंचवीस वर्षं पडद्यावर खलनायक आला की खटका वाजायचाच. मराठीतसुद्धा ‘रामपुरी’ म्हटलं की डोळ्यांसमोर गळ्यात रुमाल बांधलेला दादा येतो. आजचा ‘टॅक्टिकल’ विकणारा हेच करतो, फक्त रुमालाच्या जागी त्याने आमचा गणवेश घातला आहे.

सिनेमामागून कायदा आला. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी घातली आणि धंद्याचा कणा मोडला. देशभरचे शस्त्र नियम तसे समंजस आहेत. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो, पण घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेला असेल तर त्यातून वगळला जातो. म्हणजे मूळ नियमात ‘काम’ हा शब्द जिवंत आहे. दिल्लीत मात्र १९८० च्या अधिसूचनेने बटणदार आणि गरारीदार चाकूंना वेगळं काढलं. पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल तर तो गुन्ह्याच्या कक्षेत. ७.६२ हा आकडा आम्हा सैनिकांना मिलिमीटरमध्ये पाठ असतो, रायफलीच्या गोळीचा. दिल्लीत तो सेंटिमीटरमध्ये चाकूला लागला. तीन इंचांचं पातं! स्वयंपाकघरातली भाजीची सुरी याहून लांब असते. ती गुन्हा ठरत नाही, कारण ती वाजत नाही आणि कुठल्या खलनायकाने ती पडद्यावर वापरलेली नाही.

आता कुणी म्हणेल, रामपुरीने खरोखर माणसं मारली गेली, त्याचं काय? मारली गेली. ते नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याच्यासमोर मी पितळेच्या साजाचं कौतुक सांगणार नाही. आणि सरकारने भर बाजारात खटक्याचे चाकू घेऊन फिरणाऱ्यांना रोखलं, यात मला काही गैर दिसत नाही. पण पुण्यातली कोयता गँग आठवा. तिथे हत्यार आहे कोयता. म्हणून ऊसतोड कामगाराच्या हातातला कोयता आपण काढून घेतला का? कोयता बनवणाऱ्या लोहाराला गुंडांचा साथीदार म्हटलं का? नाही, कारण कोयत्याचं काम आपल्याला माहीत आहे. त्याने तुटलेला ऊस आपण साखर म्हणून खाल्लेला आहे. रामपुरीचं काम आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याच्या वाट्याला फक्त गुन्हा आला. ज्या अवजाराचं काम समाज विसरतो, ते अवजार गुंडाकडे जातं. गुंड कुठलंही अवजार उचलतो. फरक इतकाच की बाकीची अवजारं आपण परत मागतो.

आणि आता विनोद ऐका. मार्च २०२३ मध्ये रामपुरात एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा रामपुरी चाकू उभारला गेला. जगातला सगळ्यात मोठा म्हणून त्याची प्रसिद्धी झाली आणि लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात. साडेचार इंचांना बंदी आणि वीस फुटांना हार! हयातभर उपेक्षा आणि मेल्यावर चौकात पुतळा, हा आपला जुना रिवाज. तो आता चाकूलाही लागू झाला.

साव्हाकडे पुन्हा एकदा पाहा. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी चाकू बनवायला सुरुवात केली. बीचच्या लाकडाची गोल मूठ, साधं कार्बन पोलाद, लहानमोठे क्रमांक. तो चाकू आजही तसाच आहे आणि गरिबाला परवडेल एवढ्या किमतीत मिळतो. तिथला शेतकरी त्याने चीज कापतो, सुतार खूण करतो, मूल शाळेच्या सहलीत काठी तासतं. खून करायला ओपिनेलही पुरेसा आहे. पण तिथे समाजाने त्याला आधी कामाचं नाव दिलं. रामपूरच्या कारागिराचा हात जोसेफच्या हातापेक्षा कमी नव्हता. त्याच्या मालाभोवती पावाचा तुकडा नव्हता, एवढंच.

म्हणून संग्राहक मित्रांनो, माझं मागणं साधं आहे. वर्षाला पंधरा-वीस हजारांचं टायटॅनियम घेता, त्यातले हजार-दोन हजार रामपूरला जाऊ द्या. पण नुसता घेऊ नका. कारागिराला सांगा की पातं तीन इंचांच्या आत हवं, घासणी पातळ हवी, सांध्यात खेळ नको, पोलाद कुठलं ते सांगा. ट्रकच्या कमानीचं पातंसुद्धा चांगलं चालतं, त्याच जातीच्या पोलादाच्या खुकऱ्या होतात. पैसे जास्त द्या आणि माल परत करायची हिंमत ठेवा. कारागीर सुधारतो तो कौतुकाने नव्हे, जाणत्या गिऱ्हाइकाने. आणि घेतलेला चाकू वापरा. कार्बन पोलादाच्या पात्याने उन्हाळ्यात कैऱ्या चिरा. पात्यावर निळसर-काळी छटा चढते, ती पुढे गंजाला थोपवते आणि दुकानातल्या कुठल्याही पॉलिशपेक्षा देखणी दिसते. पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवा. काचेच्या कपाटातला, एकदाही धार न लावलेला चाकू हा संग्रह नव्हे, साठा आहे. दुकानदार पण साठा करतो.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते जाऊन पाहा. अडकित्ता म्हणजे तरी काय? एक पातं, दोन दांडे, एक खिळा. घडीच्या चाकूचा सख्खा भाऊ. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी घराघरांतून अशा वस्तू गोळा केल्या, कारण रोजच्या कामाच्या वस्तूत कला असते हे त्यांना दिसलं. कारागिरांनी त्या अडकित्त्यांना पक्ष्यांचे, घोड्यांचे आकार दिले. सुपारी कातरणाऱ्या पात्याला आपण संग्रहालयात मान देतो, पेरू कापणाऱ्या पात्याला पोलीस ठाण्याचं मुद्देमाल कपाट. हा भेद पात्यातला नाही, नजरेतला आहे.

माजी सैनिकांना वेगळी विनंती. आपल्या नावावर हा ‘टॅक्टिकल’ धंदा चालतो, तेव्हा तो मोडण्याची पहिली जबाबदारीही आपली. गावातलं पोरगं मोबाईल दाखवायला येईल तेव्हा हसून सोडून देऊ नका. ट्रंकेतला जुना क्लॅस्प नाईफ काढा, बिनटोकाचं पातं दाखवा, टोच्याने दोराची गाठ सोडवून दाखवा. दगडावर धार कशी लावतात ते शिकवा. स्वतःच्या हाताने धार लावलेला पोरगा पात्याला मान देतो, तो ते कुणाला दाखवत फिरत नाही. आणि हेही बजावून सांगा की चाकू खिशात घालून बाजारात, जत्रेत, मिरवणुकीत जायचं नाही. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वरचेवर मनाई आदेश निघतात. त्या दिवशी ‘संग्राहक आहे’ हे उत्तर चालत नाही आणि चालूही नये. चाकूची जागा शेतात, स्वयंपाकघरात, कामाच्या पिशवीत आणि कामाच्या टेबलावर.

पुढच्या वेळी कुणी विचारलं की फौजी कुठला चाकू वापरतो, तर सांगा: ज्याला धार आहे तो. आणि कशासाठी, असं विचारलं तर लसणाची गड्डी पुढे करा.